यंत्रमानवाचे सोंग

सोंग हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. ढोंग या अर्थाने तो निंदेचा आहे. पण दशावतारात, बोहाड्यात आणि बहुरूप्यांच्या घरात तो कसबाचा शब्द आहे. तेथे सोंग आणतात, ते वठते किंवा फसते, आणि ते वठवणाऱ्याला गावात मान असतो. या दुसऱ्या अर्थाच्या सोंगाचा एक अगदी अलीकडचा परदेशी प्रकार आज आम्ही विवेचनासाठी घेतला आहे. जपानी चित्रकथेतला अठरा मीटर उंचीचा यंत्रमानव लहान प्रमाणात घरच्या घरी बांधायचा, तो अंगावर चढवायचा आणि चाहत्यांच्या मेळ्यात त्या वेषात हिंडायचे, असा हा उद्योग आहे.

विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. वसंतातल्या ज्ञानसत्रात हा पोरखेळ कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, या पोरखेळात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, शरीरशास्त्र आहे, शिंपीकाम आणि सुतारकाम आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी एक असा प्रश्न आहे की, ज्याचे उत्तर चुकले तर आतला माणूस घेरी येऊन पडेल. यंत्राच्या आकारात माणसासाठी जागा किती आणि कशी ठेवायची, हा तो प्रश्न होय. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

प्रथम यंत्रमानवाची कुळकथा थोडक्यात पाहू. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक नाटककाराने. 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 1921 साली प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो प्रथम आला. शब्द सुचवला होता त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. आणि तो ज्या मूळ शब्दावरून घेतला त्याचा अर्थ वेठ असा आहे. म्हणजे रोबो हा जन्मतः वेठबिगार होय. जपानात या कल्पनेला निराळे वळण लागले. 1956 साली मित्सुतेरू योकोयामा यांनी 'तेत्सुजिन 28' ही चित्रकथा सुरू केली. तिच्यातला प्रचंड लोखंडी पुरुष एका मुलाच्या हातातील दूरनियंत्रकाने चालतो; मुलगा बाहेर, यंत्र वेगळे. 1972 साली गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये तरुण नायक यंत्राच्या डोक्यातच जाऊन बसला. आणि 1979 साली योशियुकी तोमिनो यांच्या दिग्दर्शनाखाली दूरचित्रवाणीवर 'गन्डम' आला. त्यातल्या यंत्राची रचना कुनियो ओकावारा यांची. पांढरे हातपाय, निळी छाती, तांबडे पोट आणि तांबडी पावले असलेला हा अठरा मीटरचा योद्धा आतून चालवतो तो पंधरा वर्षांचा मुलगा, आणि त्याची बसण्याची जागा यंत्राच्या पोटात आहे. वेठबिगार म्हणून जन्मलेला यंत्रमानव अशा रीतीने माणसाने अंगावर घालण्याची वस्तू झाला. सोंग आणण्याची कल्पना या कथेतच बीजरूपाने होती, असे म्हणावयास हरकत नाही.

वेष धारण करून मेळ्यात जाण्याची चाल मात्र अमेरिकेतली आहे. 1939 साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचा पहिला जागतिक मेळा भरला, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून आले. ते कपडे डग्लसबाईंनी स्वतः बेतून शिवलेले होते. पुढच्याच वर्षी शिकागोच्या मेळ्यात अनेकांनी वेष केले. जपानात 1975 च्या डिसेंबरात टोकियोला हौशी चित्रकथाकारांचा 'कॉमिकेट' हा बाजार सुरू झाला. तेथे ही चाल फोफावली आणि 1980 नंतरच्या दशकात तिला 'कॉस्प्ले' असे जोडनाव मिळाले. आपल्याकडे 2011 साली दिल्लीत कॉमिक कॉन भरली, पुढे ती मुंबईलाही आली, आणि तेथल्या गर्दीतही आता असे यंत्रमानव दिसतात.

आता मुख्य कामाकडे वळू. उदाहरणासाठी गन्डमच घेऊ, कारण त्याची मापे सर्वांना ठाऊक आहेत. 1980 सालापासून बान्दाई ही कंपनी त्याच्या जोडणीच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती विकत आली आहे. त्यांतली मूळची आणि स्वस्त प्रतिकृती मूळ कल्पनेच्या 144 व्या हिश्शाची असते. अठरा मीटरला 144 ने भागले की साडेबारा सेंटिमीटर येतात. म्हणजे तळहातावर उभी राहील एवढी मूर्ती. ही मूर्ती सोळा पट मोठी केली तर बरोबर दोन मीटर होते. आणि दोन मीटर नऊ पट केले की अठरा मीटर. सोळा नवे एकशे चव्वेचाळीस. खेळणे, सोंग आणि कथेतला राक्षस यांचे नाते या एका पाढ्यात बसते. म्हणून घरी काम करणारा माणूस ती मूर्ती विकत आणतो, प्रत्येक भाग पट्टीने मोजतो आणि सोळाने गुणतो. मूर्तीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे पोशाखावरचे सोळा सेंटिमीटर. मापनातली एका मिलिमीटरची चूकही पोशाखात दीड सेंटिमीटरहून मोठी होते, हे ध्यानात ठेवावे.

येथे गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात सांगितलेला नियम आड येतो. वस्तू सर्व बाजूंनी सोळा पट वाढवली तर तिचे पृष्ठ 256 पट होते, पण घनफळ आणि वजन 4096 पट होते. समजा, ती छोटी मूर्ती वीस ग्रॅमची आहे. तिचे प्लॅस्टिकही तितकेच जाड करीत गेलो, तर पोशाख जवळजवळ 82 किलोंचा होईल. तो घालून कोण चालणार? जे. बी. एस. हाल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ 1957 साली भारतात येऊन राहिले. त्यांनी 1926 साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की, माणूस दसपट मोठा केला तर त्याची हाडे त्याचे वजन पेलणार नाहीत. खऱ्या अभियंत्यांचीही या नियमातून सुटका नाही. योकोहामाच्या बंदरात डिसेंबर 2020 मध्ये हलणारा पूर्णाकृती गन्डम उभा राहिला आणि मार्च 2024 पर्यंत तो लोकांना पाहता आला. कथेत गन्डमचे वजन चाळीस टनांच्या वर आहे. योकोहामाचा सुमारे 25 टनांचाच होता, आणि त्यालाही कमरेमागून आधार द्यावा लागे. तो स्वतःच्या पावलांवर भार घेऊन मोकळा चालत नसे.

यावरून निष्कर्ष असा की, पोशाखाचा आकार वाढवायचा, जाडी वाढवायची नाही. तो पोकळ टरफल असला पाहिजे, आणि ते टरफल अशा पदार्थाचे हवे की जे हलके आहे, वाकते आणि पडल्यास फुटत नाही. आपल्याकडचा हौशी कारागीर प्रथम थर्माकोलकडे हात नेतो, कारण गणपतीच्या मखरामुळे तो हाताखालचा झालेला आहे. परंतु थर्माकोल कोपरा आपटताच तुटतो, त्याचा भुगा होतो, आणि फवाऱ्याच्या रंगातील द्रावकाने व रबरी सोल्युशनने तो विरघळतो. शिवाय 2018 साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तीही योग्य कारणांनी. जगभरचे यंत्रमानव बांधणारे वापरतात तो पदार्थ निराळा आहे. व्यायामाच्या किंवा लहान मुलांच्या खेळण्याच्या खोलीत जमिनीवर एकमेकांत अडकवून अंथरतात ते मऊ चौकोन आपण पाहिले असतील. चपलांच्या तळव्यांतही तोच पदार्थ असतो. त्याला ईव्हीए फोम म्हणतात. एक सेंटिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा दर्ज्याप्रमाणे किलोच्या आसपास भरतो. दोन मीटरच्या यंत्रमानवाला सात-आठ चौरस मीटर फोम पुरतो. बूट, पट्टे, रंग धरून सर्व वजन दहा-बारा किलोंत बसवता येते. एवढे ओझे धडधाकट माणूस वागवू शकतो.

काम करण्याची रीत शिंप्याची आहे. आधी जुन्या पुठ्ठ्याचा कच्चा पोशाख करावा. शिंपी जसा कच्चे टाके घालून अंगरखा अंगावर चढवून पाहतो, तसा हा पुठ्ठा अंगाला बांधून चालावे, वाकावे, जिना चढावा, दारातून जावे. जेथे टोचेल तेथे खूण करावी आणि साचा दुरुस्त करावा. या पायरीचा कंटाळा करणारा पुढे महागाचा फोम वाया घालवतो. साचे पक्के झाले की ते फोमवर उतरून धारदार पात्याने कापावेत; पाते बोथट झाले की फोम कापला न जाता फाटतो. काटकोनी कडा हवी तेथे दोन्ही तुकड्यांच्या कडा 45 अंशांत तिरक्या कापाव्यात. गरम हवेच्या बंदुकीने शेकला की फोम मऊ पडतो. तो गुडघ्यावर किंवा डब्यावर वाकवून थंड होईपर्यंत दाबून धरला की तोच बाक कायम राहतो. पात्याने उथळ चीर पाडून ती शेकली तर चीर रुंदावते आणि पत्र्यांच्या सांध्यासारखी दिसते. जोडण्यासाठी चपला दुरुस्त करणारे वापरतात ते रबरी सोल्युशन दोन्ही कडांना लावावे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग कडा जुळवाव्यात. एकदा टेकल्या की त्या सुटत नाहीत, म्हणून हात स्थिर हवा. ही सोल्युशने आणि शेकलेला फोम यांची वाफ डोके उठवते. हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडक्यांच्या खोलीतच करावे. फोम रंग पितो, तेव्हा रंगापूर्वी पातळ केलेल्या लवचिक गोंदाचे तीन-चार हात द्यावेत. ताठ वाळणारा रंग मात्र सांध्यांवर तडकतो.

टरफल तयार झाले तरी सोंग तयार झाले नाही. खरी कसोटी सांध्यांची आहे. यंत्राचा गुडघा माणसाच्या गुडघ्याशी, आणि यंत्राचे कोपर माणसाच्या कोपराशी जुळलेच पाहिजे. मूर्तीचे माप काहीही सांगो. येथे गुणाकार बाजूस ठेवून शरीराची आज्ञा पाळावी लागते. सुदैवाने या यंत्रांच्या पोटऱ्या लांब आणि पावले मोठी असतात, त्यामुळे तळव्याखाली पंधरा सेंटिमीटर उंची चोरून घालता येते. 170 सेंटिमीटरचा माणूस अशा रीतीने 185 चा होतो, वर शिरस्त्राण आणि त्याचे शिंग आले की दोन मीटरचा हिशोब पुरा होतो. कवचाचे तुकडे एकसंध न ठेवता सुटे करावेत, सांध्याशी फट ठेवावी आणि ती फट आतून काळ्या कापडाने झाकावी. पाहणाऱ्याला ती सावली वाटते. भार खांद्यावर टाकू नये. पाठीवरच्या प्रवासी पिशवीप्रमाणे रुंद पट्टा कमरेला बांधून पायांचे भाग त्याला टांगावेत, म्हणजे वजन कंबरेच्या हाडावर येते. सांध्यांची हेळसांड झाली की काय होते याचे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात आहे. 1976 साली ट्युनिशियात 'स्टार वॉर्स'च्या चित्रीकरणात अँथनी डॅनियल्स यांनी सोनेरी यंत्रमानवाचा पोशाख प्रथम चढवला, तेव्हा पायाचा एक कठीण तुकडा फुटून त्यांच्याच पावलात घुसला. त्या पोशाखात त्यांना खाली बसताही येत नसे. तेथे तर पैसा आणि कारागीर यांची उणीव नव्हती.

दुसरी कसोटी उष्णतेची, आणि ती अधिक गंभीर आहे. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. पोशाख घेऊन चालताना ती तिप्पट होते. ती घालवण्यासाठी दर तासाला जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. घाम येणे पुरेसे नाही, तो वाळला पाहिजे. फोम हा उष्णता अडवणारा पदार्थ, आणि आतली हवा थोड्याच वेळात दमट होते. मग घाम नुसता वाहतो, थंडावा देत नाही. टोकियोचा बाजार भर ऑगस्टातही भरतो, आणि मुंबईच्या दमट हवेविषयी आम्ही काय सांगावे! 1954 सालच्या 'गोजिरा' या चित्रपटासाठी हारुओ नाकाजिमा यांना घालायला दिलेला पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा आणि इतका ताठ होता की, त्यात धड चालता येईना; दुसरा हलका करावा लागला, आणि त्यातूनही अंगातल्या बनियनमधून घाम पिळून काढावा लागे. यावर उपाय साधे आहेत. मांडीजवळ व काखेत हवा आत येण्यास वाटा ठेवाव्यात, आणि शिरस्त्राणात वरच्या बाजूला संगणकातला छोटा पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढावी. गन्डमच्या छातीवरच्या पिवळ्या झडपा केवळ शोभेच्या न ठेवता खऱ्याच उघड्या ठेवाव्यात. यंत्राला जेथे श्वासाची छिद्रे काढली आहेत तेथेच माणसाला श्वास मिळावा, ही योजना कलेलाही सोडून नाही.

तिसरी गोष्ट दृष्टीची. शिरस्त्राणातून समोरचे थोडे दिसते. पायाखालचे आणि बाजूचे काहीच दिसत नाही. मेळ्यात तर लहान मुले यंत्रमानवाच्या नेमकी पायाशी येतात. म्हणून प्रत्येक यंत्रमानवाबरोबर एक सोबती असावा लागतो. त्याने पुढची वाट मोकळी करावी, पायरी सांगावी, नळीने पाणी पाजावे, आणि वीस-पंचवीस मिनिटे झाली की, कितीही लोक छायाचित्रासाठी रांगेत असोत, यंत्रमानवाला बाजूला नेऊन शिरस्त्राण उतरवावे. छायाचित्रात हा सोबती कधी येत नाही. परंतु आमच्या मते सोंग दोघांचे असते. याला जोडून एक नियम अपवादाशिवाय पाळावा : शिरस्त्राण दुसऱ्याच्या मदतीवाचून, आपल्याच हाताने, डोळे मिटून काढता आले पाहिजे. ते जमत नसेल तर पोशाख अपुरा आहे, मग त्याचा रंग कितीही सुबक असो.

इतके झाल्यावर वठवण्याचा प्रश्न उरतो. दोन मीटरची वस्तू अठरा मीटरची कशी भासावी? उंची वाढवून ते साधत नाही. साधते ते बारीकसारीक खुणांनी. प्रचंड यंत्रावर झाकणे, खिळे, सूचनांची अक्षरे असतात आणि ती त्याच्या मानाने चिमुकली दिसतात. म्हणून पोशाखावर बारीक रेषा आणि इवली अक्षरे काढली, कडांना थोडा काळपट रंग लावून पुसला, की पाहणाऱ्याचे मन आपोआप आकार मोठा धरते. दुसरे साधन चालण्याचे. लंबकाचा झोका लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे मंदावतो. राक्षस सोंगाच्या नऊ पट उंच, म्हणजे त्याचे पाऊल तीन पट सावकाश पडले पाहिजे. 'गोजिरा'चे दृश्य-कारागीर एइजी त्सुबुराया यांनी हेच तत्त्व वापरून चित्रफीत अधिक वेगाने फिरवून चित्रण केले, म्हणजे पडद्यावर हालचाल जड वाटते. मेळ्यात चित्रफीत नसते. तेथे अंगच संथ वागवावे लागते. आणि गंमत अशी की, संथ चालीने सोंगही वठते आणि आतला माणूसही कमी तापतो.

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. या उद्योगाला ती अर्धीच लागू पडते. फोमचे चौकोन, पुठ्ठा, सोल्युशन, रंग आणि एक पंखा यांचा खर्च नोकरदार तरुणाच्या आवाक्यातला असतो; जे विकत मिळत नाही ते महिनोन्‌महिन्यांच्या संध्याकाळी बसून केलेले काम. म्हणूनच मेळ्यातले जाणकार तयार पोशाखापेक्षा घरी बांधलेल्या पोशाखाभोवती अधिक वेळ थांबतात. गुडघा कसा वळवलास, छाती किती तुकड्यांत केलीस, पोशाख गाडीत कसा बसवलास, असे प्रश्न विचारतात आणि उत्तरे वहीत टिपून घेतात. कसब असे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. चापेकच्या नाटकात वेठ यंत्रमानवावर लादलेली होती. येथे माणूस आपखुशीने राबतो आणि जे शिकला ते मोकळ्या मनाने देतो.

ज्यांच्या घरी असा यंत्रमानव सध्या बांधला जात असेल, त्या पालकांना आणि मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे. उंची चार बोटे कमी भरली तर मेळ्यात कुणी टेप घेऊन मोजायला येत नाही. श्वासाची जागा चार बोटे कमी पडली तर ती आतल्याला त्याच क्षणी कळते, आणि बाहेरच्यांना फार उशिरा कळते. म्हणून सोळाने गुणण्यास बसण्यापूर्वी प्रथम आत राहणाऱ्या माणसाची मापे घ्यावीत. यंत्राची मापे घ्यायला मागाहून भरपूर वेळ असतो.